कीटकान्न आणि मनाची किळस

कोणता पदार्थ खाद्य आणि कोणता अखाद्य, हें केवळ मनुष्याची जीभ ठरवीत नाहीं. त्याचें घर, त्याचा समाज आणि त्याची संवय हीं ठरवितात. या म्हणण्याची कसोटी पाहावयाची तर कीटकभक्षणासारखा दुसरा विषय सांपडणें कठीण. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं खाद्य कीटकांविषयीं एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. जगांतील सुमारें २ अब्ज लोकांच्या परंपरागत आहारांत कीटकांना स्थान आहे, आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १,९०० हून अधिक आहेत, असा अंदाज त्यांत दिला होता.

शास्त्रज्ञांचें लक्ष इकडे वळण्याचें कारण मुख्यतः आर्थिक आहे. गुरें, डुकरें, कोंबड्या यांच्या खाद्याचा मोठा भाग शरीराची ऊब राखण्यांतच खर्ची पडतो. कीटकांना तशी ऊब राखावी लागत नाहीं. त्यामुळें कीटकांचें वजन १ किलोनें वाढण्यास सरासरी २ किलो खाद्य पुरतें, तर गुरांच्या बाबतींत तेवढ्याच वाढीस ८ किलो लागतें, असा या अहवालाचा हिशेब आहे. मात्र त्यास दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २०१५ सालीं असें दाखविलें कीं, रातकिडे कोंबड्यांच्याच प्रतीच्या खाद्यावर पोसले तर विशेष लाभ उरत नाहीं, आणि खरकट्या-कचऱ्यावर ठेवले तर बहुतेक मरून जातात. तेव्हां कीटकांची शेती म्हणजे फुकटचें अन्न नव्हे.

परंतु लोकमत अशा हिशेबांवर बनत नाहीं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेलेलें झुरळ पूर्णपणें निर्जंतुक करून तें फळांच्या रसांत क्षणभर बुडवून काढलें. त्यापासून अपाय नाहीं हें लोकांना सांगितलेलें होतें. तरीही तो रस पिण्याची त्यांची इच्छा पार ओसरली. किळस बुद्धीचा कौल घेत नाहीं; ती स्पर्शाचा विटाळ मानते. ज्या घरांनीं सोंवळें-ओंवळें पाहिलें आहे, त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको. इंग्लंडांत व्हिन्सेंट होल्ट यानें १८८५ सालींच एक छोटें पुस्तक लिहून, पिकें फस्त करणारे कीटक गरिबांच्या ताटांत कां येऊं नयेत, असा प्रश्न केला होता. पुस्तक राहिलें, पंगत मात्र बसली नाहीं.

वास्तविक किळसेचें हें शास्त्र मोठें विसंगत आहे. कोळंबी, जवळा आणि चिंबोरी हे सांधेदार पायांचे, कवचधारी जीव कीटकांचे जवळचे नातलग आहेत. तरी कोंकणांत सोड्यांचा भात आवडीनें वाढला जातो. मध मधमाशीच्या पोटांतून येतो. मिठाईवर चकाकी आणणारी लाख आणि कित्येक पदार्थांना लाली देणारा कोचिनियल रंग हीं दोन्ही कीटकांचींच देणगी. नांव आणि रूप ओळखूं येईनासें झालें कीं आक्षेपही निवतो.

मग मत पालटतें कशानें? थायलंडांत मक्याच्या शेतांवर टोळांची धाड येई. विमानांतून औषध फवारूनही ती आटोक्यांत येईना, तेव्हां १९७८ ते १९८१ च्या सुमारास टोळ पकडून खाण्याचा प्रचार करण्यांत आला. ईशान्य भागांत कीटक खाण्याची परंपरा आधींच होती. तळलेल्या टोळांना बाजार मिळाला, आणि पुढें रातकिड्यांची शेती उभी राहिली. याच्या उलट अनुभव जपानमधला. तेथें गोड-खारट रसांत शिजविलेले नाकतोडे हा कांहीं प्रांतांचा जुना पदार्थ आहे. तरीही २०२२ सालीं तोकुशिमा प्रांतांतील एका शाळेनें रातकिड्यांची भुकटी घातलेला पदार्थ ऐच्छिक म्हणून दिला, तेव्हां टीकेची झोड उठली. युरोपीय संघानें २०२१ पासून मीलवर्म नांवाची अळी, टोळ व रातकिडा यांना क्रमानें परवानगी दिली. पण आपल्या भाकरींत हें पीठ गुपचूप मिसळलें जाईल, या धास्तीनें इटलीच्या सरकारनें २०२३ सालीं अशा मालासाठीं वेगळी मांडणी आणि ठळक सूचना सक्तीची केली. जें लोकांनीं आपण होऊन स्वीकारलें तें रुजलें. जें वरून आलें त्याविषयीं संशय वाढला.

भारताला हा विषय परका नाहीं. बस्तरच्या आठवडी बाजारांत झाडावरच्या तांबड्या मुंग्या व त्यांचीं अंडीं विकावयास येतात; मीठ-मिरचीबरोबर वाटून त्यांची चापडा नांवाची आंबट चटणी होते. लगतच्या गडचिरोलींतील माडिया वस्त्यांनाही ती ठाऊक आहे. आसामांत एरी रेशमाचा धागा काढल्यावर उरलेले कोष खाल्ले जातात. हें अन्न खाणाऱ्यांना शहरांनीं दीर्घकाळ रानटी म्हणून हिणविलें. ओडिशांतील मयूरभंजच्या अशाच मुंग्यांच्या चटणीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां त्याच शहरांना तिचें कौतुक वाटूं लागलें. चटणी तीच होती. पाहणाऱ्याची नजर तेवढी बदलली.

कीटकान्न नाकारण्याचीं कारणें एका मापानें मोजतां येणार नाहींत. जीवहत्या नको म्हणून जो तें वर्ज्य करतो, त्याचें तें व्रत आहे. ज्याला कोळंबी बाधते, त्यानें कीटकांपासूनही जपावें, कारण दोहोंतील प्रथिनांत साम्य आहे; युरोपांत तशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. ज्याला केवळ किळस येते, त्याच्यावरही बळजबरी नको. पण आपली किळस हा दुसऱ्याच्या संस्कृतीचा मापदंड करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. उद्यांच्या ताटांत कीटक येवोत वा न येवोत, ते आजच ज्यांच्या ताटांत आहेत त्यांच्याकडे नाक न मुरडतां पाहतां आलें, तरी या चर्चेचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.