अडीच एकर, एक तोळा आणि एक पिकअप

पोलादपूर-महाडकडच्या माणसाने नवी पिकअप घ्यायचं मनावर घेतलं की शोरूममधून त्याच्या हातात एक कागद येतो. कोटेशन. त्यावर शोरूम किंमत, विमा, टॅक्स, पासिंग अशा ओळी आणि तळाला ऑन रोडचा आकडा: दहा लाख, कधी त्याच्याही पुढे. पुढे छोटी केबिन, मागे हौदा, एवढ्याच गाडीचे दहा लाख? कशाचे?

हा प्रश्न बहुतेक जण वैतागून विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सही करतात. आपण उत्तराच्या मागे लागू. कारण त्या आकड्यात महासागराच्या तळापेक्षा मोठा दाब आहे, दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतला धातू आहे, अडीच एकरांचा पृष्ठभाग आहे आणि एक तोळा गंधकही आहे.

आधी वीस वर्षं मागे जाऊ. मे २००५. टाटा मोटर्सची ‘एस’ नावाची चिमुकली मालगाडी बाजारात आली. किंमत साधारण सव्वादोन लाख. तिचं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं. असला अर्धवट आकडा आला कुठून? कंपनीकडे इंडिका मोटारीचं चार सिलिंडरचं, १,४०५ सीसीचं इंजिन आधीपासून होतं. गिरीश वाघ यांच्या चमूने नव्या गाडीसाठी ते चक्क निम्मं केलं! त्या निम्म्या इंजिनावर पाऊण टन माल हलायला लागला आणि लोकांनी तिचं नाव ठेवलं छोटा हत्ती.

जून २०२५ मध्ये याच घराण्यातली ‘एस प्रो’ आली. पेट्रोलवर चालणारी, भार तोच पाऊण टन, किंमत ३ लाख ९९ हजारांपासून. महागली ना? आता आपल्याकडच्या जुन्या मापाने मोजून बघा. २००५ साली सोनं तोळ्याला सात हजारांच्या आसपास होतं. छोट्या हत्तीसाठी बत्तीसेक तोळे मोडावे लागले असते. जून २०२५ मध्ये तोळा लाखाच्या घरात होता. म्हणजे नवी गाडी चार तोळ्यांत! दहा लाखांची मोठी डिझेल पिकअपसुद्धा दहा तोळ्यांत दारात. सोन्याच्या तराजूत गाड्या महागल्याच नाहीत, कोसळल्या आहेत. पण भाडं मारणाऱ्याची कमाई तोळ्यांत येत नाही, रुपयांत येते. त्यामुळे त्याला टोचतो तो रुपयांतलाच आकडा.

मग पोलादपूरचा माणूस चार लाखांची छोटी गाडी घेऊन मोकळा का होत नाही? याचं उत्तर गावाच्या डोक्यावरच उभं आहे. मुंबईकडून येताना पोलादपूरला समोर कशेडी आणि डावीकडे आंबेनळी घाट. कशेडीला आता बोगदा झाला. आंबेनळीला तशी सवलत नाही. चाळीसेक किलोमीटरांत रस्ता महाबळेश्वरपर्यंत जवळपास १,३०० मीटर वर चढतो.

दीड टन माल भरलेली पिकअप गाडीच्या वजनासकट तीन टनांच्या वर जाते. समजा ३,२०० किलो. एवढं ओझं १,३०० मीटर उचलायला किती ऊर्जा लागेल? सुमारे चार कोटी ज्यूल. ऐकायला भयंकर वाटतं, पण एक लिटर डिझेलमध्येच साडेतीन कोटी ज्यूलच्या वर ऊर्जा भरलेली असते. निसर्गाच्या हिशेबाने महाबळेश्वर गाठायला सव्वा लिटरसुद्धा डिझेल लागू नये! प्रत्यक्षात त्याच्या चार-पाच पट जळतं, कारण इंजिन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं आणि उरलेली ऊर्जा रेडिएटर नि सायलेन्सरमधून हवेत जाते. चाकं आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा वाटा वेगळा. तरीही नवल कमी होत नाही. बाटलीभर द्रवात तीन टनांना सह्याद्री चढवायची ताकद असते, आणि ती ताकद काबूत आणणाऱ्या यंत्राचे आपण पैसे मोजतो.

या कामासाठी जाड चासी हवी, मागच्या आसाला पोलादी पाटे हवेत आणि ओढही मागच्या चाकांनाच हवी. चढाला भार मागे सरकतो, तो नेमका ओढणाऱ्या चाकांवर पडतो आणि पकड वाढते. पण हे सगळं जुन्या गाड्यांतही होतं. दहाएक वर्षांपूर्वी महिंद्राची या वर्गातली पिकअप सहा-सव्वासहा लाखांना मिळायची. एप्रिल २०२३ मध्ये आलेली त्यांची बोलेरो मॅक्स पिकअप ७ लाख ८५ हजारांपासून सुरू झाली आणि वरच्या मॉडेलांनी दहा लाख ओलांडले. बोलेरो पिकअपचं इंजिन तेव्हाही अडीच लिटरचं होतं आणि नंतरही तेवढंच राहिलं; ताकद सत्तर-पंच्याहत्तर हॉर्सपॉवरच्या घरात. घाट तोच, माल तोच. मग बदललं काय?

बदललं ते सायलेन्सरच्या तोंडातून बाहेर पडणारं.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-फोर हे धुराचं मानक लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-सिक्स. मधली पाचवी पायरी भारताने गाळूनच टाकली! युरोपला चौथ्या पायरीवरून सहाव्या पायरीवर जायला नऊएक वर्षं लागली. आपण ती उडी तीन वर्षांत मारली. डिझेल मोटारींपुरतं बोलायचं तर काजळीच्या कणांची मर्यादा एका झटक्यात ८२ टक्क्यांनी खाली आली आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ६८ टक्क्यांनी. पिकअपचे आकडे थोडे वेगळे असले तरी रोख तोच.

हे करायचं कसं? पहिलं काम डिझेल नीट जाळण्याचं. कॉमन रेल इंजिनात पंप डिझेलला हवेच्या दाबाच्या १,६०० पट आणि त्याहूनही जास्त दाबतो. जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी, अकरा किलोमीटर पाण्याखाली, दाब असतो १,१०० पटींच्या आसपास. म्हणजे ओझं घेऊन घाट चढणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली दाब असतो समुद्रतळापेक्षाही मोठा! हे डिझेल इंजेक्टरच्या भोकांतून फवारलं जातं. एकेक भोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि उघडझाप एका मिलिसेकंदाच्या आसपास. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर चारही सिलिंडर मिळून सेकंदाला सहासष्ट वेळा पेट घेतात, आणि दर वेळी किती थेंब, कधी आणि किती तुकड्यांत सोडायचा ते एक छोटा संगणक ठरवतो. असल्या संगणकांच्या चिप २०२१ मध्ये जगभर मिळेनाशा झाल्या तेव्हा नखाएवढ्या तुकड्यासाठी गाड्यांचे कारखाने अडले होते.

एवढं करूनही धूर उरतोच. मग तो जातो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. तिथे सच्छिद्र ॲल्युमिनाच्या थरावर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचे अतिसूक्ष्म कण पेरलेले असतात. धूर त्यांना स्पर्श करून जातो, विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि धातू मात्र जसाच्या तसा राहतो. जगातलं बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं, त्यामुळे तिथल्या खाणींत काही झालं की हादरा आपल्या कोटेशनपर्यंत पोचू शकतो. पण खरा चमत्कार त्या थराचा आहे. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडल्या तर शंभर चौरस मीटर भरतील, म्हणजे जवळपास एक गुंठा! शंभर ग्रॅम थर म्हणजे शंभर गुंठे, अडीच एकर. डोंगराच्या उतारावर चार-पाच गुंठ्यांचं खाचर कसणाऱ्याने आपल्या गाडीखालच्या डब्यात घडी घालून ठेवलेला हा अडीच एकरांचा तुकडा एकदा कल्पनेत उलगडून बघावा.

त्यापुढे काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ. सिरॅमिकच्या ठोकळ्यात शेकडो अरुंद गल्ल्या. एक गल्ली पुढून उघडी नि मागून बंद, शेजारची नेमकी उलटी. धुराला बाहेर पडायला भिंतीतून झिरपण्यावाचून वाट नाही. वायू झिरपतो, काजळी मागे राहते. आणि गल्ल्या तुंबल्या की? गाडी स्वतःच आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि साचलेली काजळी जाळून टाकते. म्हणूनच गावातल्या गावात घुटमळणाऱ्या गाडीचा डीपीएफचा दिवा लवकर लागतो, तर लांब पल्ल्याला ओझं ओढणारी गाडी स्वतःला साफ करत जाते.

आता तो तोळा. ही सगळी यंत्रणा गंधकाने बिघडते, म्हणून इंधनही बदलावं लागलं. बीएस-सिक्सच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे फार तर दहा भाग चालतात. म्हणजे एक टन डिझेलमागे दहा ग्रॅम, फक्त एक तोळा! एवढ्यासाठी देशभरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत नवी यंत्रं बसली.

आता हिशेब मांडा. वाढलेल्या किमतीतला मोठा वाटा ओढण्याच्या ताकदीसाठी नाहीच. आपण विकत घेतो ती न निघणारी काजळी. पैसे मोजतो एक माणूस आणि त्या हवेत श्वास घेतो अख्खा बाजार. शोरूममध्ये हौदा दाखवता येतो, फाळका उघडून दाखवता येतो. नसलेला धूर कसा दाखवणार? म्हणून हा खर्च गिऱ्हाइकाला उगाचचा वाटतो.

कोटेशनच्या उरलेल्या ओळीही काही कमी गमतीच्या नाहीत. जीएसटी २८ टक्के होता तेव्हा दहा लाखांच्या शोरूम किमतीत २ लाख १८ हजार ७५० रुपये कराचेच असत. २००५ च्या अख्ख्या छोट्या हत्तीपेक्षा हा कर सहा-सात हजारांनीच कमी! २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १८ टक्क्यांवर आला आणि तीच गाडी हिशेबाने ७८ हजारांनी उतरली. पण त्याच वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहूंना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आला होता. एका हाताने सोडलेलं बरंचसं दुसऱ्या हाताने आधीच धरून ठेवलेलं.

आणि हप्ता? समजा साडेआठ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याला अठरा हजार साठच्या आसपास बसतात. एकूण व्याज किती? सुमारे २ लाख ३४ हजार. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या पैशात गाडी यायची, तेवढ्याहून जास्त आज नुसत्या व्याजात जातात! वर थर्ड पार्टी विमा आहे: २०२२ मध्ये ठरलेल्या दराने, या वर्गासाठी वर्षाला १६,०४९ रुपये. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला, तसा घाट बंद पडतो. हप्ता बंद पडत नाही.

गाडीचा आकारसुद्धा निम्मा कायद्यानेच घडवला आहे, हे माहीत आहे का? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालासकट ३,००० किलोंच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही. म्हणून त्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबणारी मॉडेलं निघतात. पुढची रेषा साडेतीन टनांची. तिच्या वरच्या, ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. पिकअप रेषेखाली राहते, सक्ती टळते आणि खर्चही.

आता घाट उतरू या. वर जाताना कमावलेले ते चार कोटी ज्यूल खाली येताना कुठे जातात? ब्रेकच्या आणि इंजिनाच्या उष्णतेत. तेवढ्या उष्णतेने सव्वाशे लिटर पाण्याला उकळी फुटेल! दर फेरीला एवढी ऊर्जा आपण घाटातल्या हवेला फुकट वाटत आलो आहोत.

बॅटरीवरची गाडी तसं करत नाही. उताराला तिची मोटर जनित्र बनते आणि वीज परत बॅटरीत भरते. मे २०२२ मध्ये दाखवलेल्या ‘एस ईव्ही’ची बॅटरी २१.३ युनिटांची. तिचं मालासकट अठराशे किलो वजन महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरतं तेव्हा सहा युनिटांच्या वर ऊर्जा मोकळी होते. सगळी हाती लागत नाही, चाकं नि मोटर आपापला वाटा कापून घेतात. पण वर जाताना गाडी रिकामी असेल आणि खाली भाजी-स्ट्रॉबेरी भरून येणार असेल तर? स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या खाणीत एक प्रचंड डंपर हेच करतो: रिकामा चढतो, ६५ टन दगड घेऊन उतरतो आणि चढायला लागते त्याहून जास्त वीज उतरताना कमावतो!

इकडे डिझेल गाडीची किंमत वर्षागणिक चढते, तर तिकडे बॅटरीची किंमत २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली आहे. आजवर मालगाडीची किंमत तिच्या चढण्याच्या ताकदीवर ठरत आली. यापुढे तिच्या उतरण्याचेही पैसे मिळणार असतील, तर पोलादपूरकराने कोटेशन मागताना एक नवा प्रश्न विचारायला हरकत नाही: गाडी घाट उतरताना मला किती परत देईल? उताराला आपल्याकडे काही कमी नाही.