आधी एक बोट, मग तळहात

मागच्या व्याख्यानात आपण 'पाहणे आणि जाणणे' या विषयावर बोललो. शेवटी एका भगिनींनी उभं राहून विचारलं होतं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले सारखे डोळ्यांविषयीच का बोलता? तान्ह्या बाळाला आई काय दिसते म्हणून कळते?" त्या दिवशी आम्ही वेळ संपल्याचं निमित्त केलं. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. आज प्रयत्न करतो.

तक्रार रास्त आहे. ॲरिस्टॉटल 'मेटाफिजिक्स'च्या पहिल्याच परिच्छेदात सांगतो, की माणसाला सगळ्या इंद्रियांत डोळे अधिक प्रिय. पण हाच ॲरिस्टॉटल आत्म्याविषयीच्या ग्रंथात म्हणतो, की बाकीची इंद्रिये नसतील तरी प्राणी जगेल, स्पर्श नसेल तर तो प्राणीच उरणार नाही. आपल्याकडे सतराव्या शतकातले नैयायिक विश्वनाथ पंचानन यांनी 'भाषापरिच्छेदा'त याहून पुढचे पाऊल टाकले. मन त्वचेशी जोडलेले असल्याशिवाय कोणतेच ज्ञान होत नाही, डोळ्यांनी होणारेसुद्धा, असे ते म्हणतात. मग गाढ झोपेत काही कळत का नाही? तर मन अशा एका नाडीत जाऊन बसते, जिथे त्वचा नाही. वर्गात हा मुद्दा आम्ही दोन मिनिटांत उरकत असू. मुलं हसायची, आम्हीही हसायचो. आता वाटतं, थोडं थांबायला हवं होतं. गर्भाला सर्वात आधी येणारी संवेदना स्पर्शाचीच असते, साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास, ओठांभोवती. डोळ्यांची पाळी फार नंतर येते.

आता बाळंतपणाच्या खोलीत जाऊ. तिथला पहिला स्पर्श बाळाचा नसतो हे आपण विसरतो. कळा देणाऱ्या बाईच्या पाठीवर कुणाचा तरी हात असतो, किंवा नसतो. जुन्या घरांत सुईण असे, आई असे, एखादी जाणती शेजारीण असे. रुग्णालये आली, जीव वाचू लागले, ही फार मोठी गोष्ट. पण नातेवाईक दाराबाहेर गेले आणि तो हातही बाहेर गेला. 1980 साली ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपण सरळ पार पडलेल्या बायकांचे दोन छोटे गट, प्रत्येकी वीस जणींचे. एका गटातल्या बाईजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली स्त्री बसून राही. पाठ चोळी, हात धरी, बोलत राही. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत, म्हणजे एकटेपण. दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा वेळ पहिल्या गटात सरासरी 8.8 तास, दुसऱ्यात 19.3 तास. गट लहान आहेत, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नका. पण त्याच अभ्यासातली दुसरी नोंद आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांची पाठ कुणीतरी चोळली होती, त्या आया नंतर आपल्या बाळाला जास्त कुरवाळत होत्या, त्याच्याशी जास्त बोलत होत्या. जो हात मिळाला तो पुढे दिला गेला, बघा.

मग बाळ येतं. आई त्याला कसं शिवते? आपल्या मनात चित्र असतं, की ती लगेच कवटाळते. अमेरिकेतल्या रीव्हा रुबिन या परिचारिका-प्राध्यापिकेने 1963 साली जे नोंदवलं ते निराळं आहे. आई आधी बोटांच्या टोकांनी शिवते. तेही हातापायांना, चाचपत. मग तळहात येतो, धडावर, पाठीवर. दंडात घेऊन छातीशी धरणं सगळ्यात शेवटी. पुढे क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांना दिसलं, की पूर्ण दिवसांचं उघडं बाळ हाती दिलं तर बोटापासून तळहातापर्यंतचा प्रवास चार ते आठ मिनिटांत होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आया त्याच क्रमाने जातात, पण खूपच हळू.

हा क्रम नीट पाहा. प्रेम आधीच पूर्ण तयार असतं आणि हात ते फक्त पोचवतो, असं असतं तर बोट कशाला चाचपडेल? अनोळखी माणसाच्या घराचं दार आपण आधी बोटानेच वाजवतो ना? आई ओळख करून घेत असते. आणि बाळही. त्याला आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, की काही वेळाने ते सरकू लागतं, मुठी उघडतं, स्तन चाचपतं. त्या इवल्या हाताच्या हालचालीने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. गार बाळ छातीवर आलं तर आईची त्वचा गरम होते. न दिसता पाहता येतं, दाराच्या फटीतून आपण पाहतोच. पण न शिवले जाता कुणाला शिवता येत नाही. मर्लो-पाँतीने यावर पानेच्या पाने लिहिली. ती अवघड वाटत असतील तर जन्माची पहिली दहा मिनिटे आठवा.

याची किंमत काय, ते बोगोटात कळलं. 1978 साली तिथल्या माता-बाल रुग्णालयात डॉ. एदगार रेय यांच्यापुढे अडचण होती. काचेच्या पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत एकाहून अधिक बाळं, जंतुसंसर्ग, आणि आया मुलांना तिथेच सोडून जायच्या. पेट्या वाढवायला पैसे नव्हते. त्यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधली. यालाच आपण कांगारू पद्धत म्हणतो. पुष्कळ वर्षे तिला गरिबांचा उपाय समजलं गेलं. बाळ आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ, असा दंडक होता. तो 2021 साली मोडला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथे एक किलो ते 1,799 ग्रॅम वजनाच्या तीन हजारांवर बाळांची पाहणी झाली. भारतातलं ठिकाण दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. जन्मल्याबरोबर आईजवळ दिलेल्यांपैकी 28 दिवसांत 12 टक्के दगावली. आधी वेगळी ठेवलेल्यांपैकी 15.7 टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मध्येच थांबवून सर्वच बाळं आयांकडे द्यावी लागली.

इथे टाळ्या वाजवून थांबता येईल. पण एक गाठ सोडवायची राहिली. क्लाउस-केनेल यांनी 1972 साली 28 आयांवरून मांडलं, की पहिल्या तासांतला जास्तीचा सहवास नातं घट्ट करतो. तेवढ्यावरून जगभर समजूत पसरली, की तो तास हुकला तर सगळं हुकलं. त्या दोघांनीच पुढे हा दावा सौम्य केला. समजूत मात्र उरली. 'बॉन्डिंग' या शब्दाचाच दोष आहे तो. डिंक वेळेत लावला नाही तर वाळतो, तसं काहीतरी.

आमचा थोरला 1979 साली पोट फाडून झाला. बाळ वेगळ्या खोलीत. पत्नीला ते तिसऱ्या दिवशी मिळालं. तिने त्याच्या पावलाला एक बोट लावलं आणि तिच्या मनात आलं, 'हे माझंच का?' हे तिने आम्हाला सांगितलं, ते मुलगा चाळिशीला आल्यावर. मधली सगळी वर्षे तिची समजूत होती, की आपण आई म्हणून कमी पडलो. आम्ही घरात तत्त्वज्ञान शिकवत बसलो होतो आणि हे ऐकलं नव्हतं. रुबिनची नोंद वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे सगळ्याच बोटाने सुरू करतात?"

सगळ्याच. तिचा तळहात यायला तीन दिवस जास्त लागले, एवढंच. पहिला तास मोलाचा आहे, तो आईकडून कुणी काढून घेऊ नये; रुग्णालयांनी तर मुळीच नाही. पण ओळख उशिराही होते. दत्तक घेणाऱ्या आईला हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक प्रश्न आलाय, चिठ्ठीवर. "वडिलांचं काय?" बोगोटाच्या पद्धतीत वडीलही बाळ छातीवर बांधतात, आजीसुद्धा. 1979 साली आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दुरून दाखवलं. आम्ही चष्मा पुसून पाहिलं, आणि त्या आत घेऊन गेल्या.