पोटाच्या आजारावरील औषध-चाचणी : दुष्परिणाम झाल्यास रुग्णाचे हक्क

नवीन औषध बाजारात येण्यापूर्वी ते रुग्णांना देऊन तपासले जाते. याला क्लिनिकल ट्रायल किंवा वैद्यकीय चाचणी म्हणतात. आतड्याची सूज, यकृताचे आजार यांवरील औषधांच्या चाचण्या सरकारी रुग्णालयांतही होतात. डॉक्टरांनी आपल्याला विचारले, तर होकार द्यायचा की नाही हे आपणच ठरवायचे असते. नकार दिल्यास किंवा मध्येच बाहेर पडल्यास आपला नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

संमतीपत्रात काय पाहावे?

संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. सुरत किंवा हैदराबादला उपचार घेणारा मराठी रुग्णही मराठी प्रत मागू शकतो. वाचता येत नसेल तर सर्व माहिती निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवावी लागते, त्यानंतरच अंगठा घेतला जातो. सही केलेली एक प्रत आपल्याकडे ठेवावी. त्यात वारसाचे नाव विचारलेले असते. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, यासाठी ते असते. म्हणून हा रकाना रिकामा सोडू नये.

काही रुग्णांना औषधाऐवजी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली जाते. आपल्याला यातले काय मिळेल हे आधी सांगता येत नाही. मात्र अशी गोळी वापरली जाणार असेल, तर ते संमतीपत्रात लिहिलेले असावे लागते.

कोणता त्रास लगेच सांगावा?

अल्सरेटिव्ह कोलायटिसचे उदाहरण घेऊ. यात मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त जाते. यावरील अनेक औषधे शरीराची प्रतिकारशक्ती कमी करतात. त्यामुळे आतड्याला आराम पडतो, पण जंतुसंसर्ग सहज होतो आणि शरीरात दबून असलेला क्षयरोगही उसळू शकतो. म्हणूनच अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात. औषध चालू असताना ताप, सततचा खोकला, घटणारे वजन, पिवळे डोळे किंवा वाढलेला रक्तस्राव दिसला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. "औषध बंद करतील" या भीतीने त्रास लपवणे सर्वांत धोक्याचे.

संमतीपत्रात "गंभीर प्रतिकूल घटना" असे जड शब्द असतात. रुग्णालयात भरती व्हावे लागणे, जीव धोक्यात येणे, कायमचे अपंगत्व, मृत्यू किंवा बाळात जन्मजात दोष, असा त्याचा अर्थ. अशी घटना घडल्यास चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनी २४ तासांत औषध नियामक, प्रायोजक कंपनी आणि नैतिकता समिती यांना कळवायचे असते.

खर्च कोण करणार?

नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ नुसार चाचणीदरम्यान इजा झाल्यास प्रायोजकाने मोफत उपचार द्यायचे आहेत. इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध झाल्यास ही जबाबदारी तेथे संपते. तोपर्यंत आवश्यक तेवढे उपचार मोफत मिळतात. त्यासाठी आयुष्मान कार्डावरील रक्कम खर्च करण्याची गरज नाही. इजा चाचणीमुळेच झाली असे ठरल्यास उपचारांव्यतिरिक्त आर्थिक भरपाईही मिळते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रायोजकाने ती द्यायची असते.

टाळाटाळ झाल्यास नैतिकता समितीकडे लेखी तक्रार करावी. संपर्क संमतीपत्रातच दिलेला असतो. या समितीत डॉक्टरांखेरीज कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकही असतात.

चाचणीत नसलेल्या रुग्णांसाठी

नेहमीच्या गोळ्यांचा त्रास झाला तरी कळवता येते. दुखण्यावरच्या गोळ्यांनी जठरात व्रण होणे किंवा क्षयरोगाच्या औषधांनी यकृताला सूज येणे, हे त्यातलेच प्रकार. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ कामकाजाच्या दिवशी सुरू असतो. रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. फोन करताना औषधाचे पाकीट जवळ ठेवावे. नाव आणि बॅच क्रमांक त्यावरच सापडतो.