राखेनं गिळलेले इलेक्ट्रॉन

दिवाळीनंतर कऱ्हाडपासून वाळव्यापर्यंत कृष्णाकाठचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. अशाच एका हंगामात एका साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पात मी रात्रपाळीला बसलो. मला बघायची होती चिमणीच्या अलीकडे राख धरणारी ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर.

बॉयलरमध्ये जाणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, जवळपास निम्मं पाणीच असतं. त्याची राख हलकी. चिमटीत घेतली की बोटांवर नुसता काळा माग उरतो. ही राख घेऊन निघालेला धूर पोलादी पत्र्यांच्या रांगांमधून जातो. पत्रे अर्थिंग केलेले, आणि मधल्या तारांवर 40-50 हजार व्होल्टचा ऋण दाब. तारेलगत जांभळट प्रभा असते, बाहेरून न दिसणारी. प्लाझ्मा, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेला वायू, म्हणावा तो एवढाच थर. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात, ते रेणू राखेच्या कणांना, आणि भारलेला कण पत्र्यावर जाऊन बसतो. मधूनच हातोडा पडतो, ठण्ण! राख खालच्या हॉपरमध्ये.

धुराच्या वाटेवर असे एकामागोमाग कप्पे असतात, त्यांना फील्ड म्हणतात. ऑपरेटरनं पॅनेलवर बोट ठेवलं. "सर, पयल्या फील्डचा करंट बघा, सगळ्यात कमी. राख जास्त हाय तिथं. मागं धूर निवळतोय तसा करंट चढतोय."

सगळं मर्म यातच आहे. हलका आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन चिकटलेला रेणू, भार घेऊन झरझर पळतो. तोच भार राखेच्या जड कणावर बसला की रांगतो, म्हणून करंट घटतो. शिवाय या रेंगाळलेल्या भारामुळे तारेजवळची प्रभाही दबते.

प्रयोगशाळेतल्या धूलिमय, म्हणजे धुळीचे कण मिसळलेल्या, प्लाझ्मातही धूळ इलेक्ट्रॉन गिळते. मायक्रॉनभर कणावर हजारो इलेक्ट्रॉन बसतात, मोकळे कमी उरतात. ते मोजायची शास्त्रज्ञ लँगम्यूरची रीत अशी: प्लाझ्मात बारीक तार घालायची, तिचा विद्युतदाब बदलत प्रवाह टिपायचा. पण धूळ तारेवरही बसते आणि आकडा फसवा येतो. म्हणून प्लाझ्मा धातूच्या पोकळीत ठेवून मायक्रोवेव्ह सोडतात. इलेक्ट्रॉन जितके जास्त तितकी पोकळीची अनुनादी वारंवारता वर सरकते. त्यावरून इलेक्ट्रॉनांची घनता कळते, तार घालावी लागत नाही.

ईएसपीचं मीटर घनता सांगत नाही, प्रवाह सांगतं. तरी धुळीची करणी इतकी उघड दाखवणारी जागा आपल्या भागात मला दुसरी ठाऊक नाही. सांगली, इस्लामपूर, कऱ्हाडच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनो, कारखान्याची परवानगी काढा आणि मुलांना त्या पॅनेलसमोर न्या. मात्र हंगाम चालू असतानाच. उन्हाळ्यात बॉयलर थंड पडलेला असतो.