टॉरिन : मात्रा ठरविण्यापूर्वी गरज तपासा

वार्धक्य लांबविणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांत टॉरिन या नावाची भर पडली आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले गावाकडच्या आईवडिलांसाठी या कॅप्सूलचे डबे आता घरबसल्या मागवू शकतात. डबा घरी आला, की पहिला प्रश्न पडतो तो हा, की रोज किती घ्यायच्या? वास्तविक त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. या वयात त्या घेण्याची गरज आहे काय?

१८२७ मध्ये जर्मनीतील टीडेमान आणि ग्मेलिन या शास्त्रज्ञांना हा पदार्थ प्रथम बैलाच्या पित्तात आढळला. वळू या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला टॉरिन हे नाव मिळाले. हृदय, स्नायू, मेंदू आणि डोळ्यांतील दृष्टिपटल यांत तो मोठ्या प्रमाणात असतो. मासे, शिंपल्या आणि मांस यांतून तो आपल्याला मिळतो. धान्ये, डाळी व भाज्या यांत तो जवळजवळ नसतोच.

यामुळे शाकाहारी कुटुंबांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. पंढरपूर तालुक्यातील करकंबचे उदाहरण घेऊ. या भागात माळकरी घरे पुष्कळ. समजा, अशाच एका घरातील सत्तरीच्या, साठ किलो वजनाच्या गृहस्थांनी आयुष्यभर ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मटकीची उसळ आणि ताक एवढ्यावर शेती केली. उजनी धरणातील मासळी त्यांच्या ताटात कधी आली नाही. मग त्यांच्या शरीरात टॉरिन आले कोठून? मेथिओनिन आणि सिस्टीन या प्रथिनांतील घटकांपासून यकृत ते स्वतःच तयार करते. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ल्याने या घटकांचा पुरवठा बऱ्यापैकी होतो. केवळ वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांच्या रक्तात टॉरिन काहीसे कमी आढळते, हे खरे. परंतु त्यांची मूत्रपिंडे लघवीवाटे ते फारसे जाऊ देत नाहीत, जपून ठेवतात.

टॉरिनचा आणि वार्धक्याचा संबंध चर्चेत आला तो जून २०२३ मध्ये. कोलंबिया विद्यापीठातील डॉ. विजय यादव, दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील संशोधक आणि इतर सहकाऱ्यांचा निबंध तेव्हा 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मध्यमवयीन उंदरांना दर किलो वजनामागे रोज १००० मिलिग्रॅम टॉरिन दिले असता त्यांचे आयुर्मान १० ते १२ टक्क्यांनी वाढले. माकडांना सहा महिने दर किलोमागे २५० मिलिग्रॅम दिल्यावर हाडांची घनता आणि रक्तशर्करा यांत सुधारणा दिसली. माणसातही वयाबरोबर टॉरिन घटते, असे त्या निबंधात म्हटले होते.

बाजारात सांगितली जाणारी ३ ते ६ ग्रॅमची मात्रा या प्रयोगांतून आली. उंदराची मात्रा माणसाला लावताना तिला सुमारे १२.३ ने भागतात. म्हणजे दर किलोमागे ८१ मिलिग्रॅम. आपल्या करकंबच्या गृहस्थांसाठी हा हिशेब दिवसाला जवळजवळ ५ ग्रॅम, अर्थात ५०० मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सूल इतका होतो. हे केवळ गणित आहे. एवढ्या मात्रेने माणसाचे आयुष्य वाढते, हे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही.

त्यातच जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात वेगळे चित्र मांडले. निरोगी माणसांच्या तीन गटांत, तसेच माकडे व उंदीर यांच्यात वयाबरोबर टॉरिन घटत नाही, उलट स्थिर राहते किंवा वाढते, असे त्यांना आढळले. व्यक्तिव्यक्तींमधील फरक तर वयामुळे पडणाऱ्या फरकाहून मोठा निघाला. म्हणजे रक्तातील टॉरिन मोजून कोणाचे वार्धक्य ओळखता येत नाही आणि त्यावरून मात्राही ठरविता येत नाही.

याचा अर्थ टॉरिन निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. किंचित वाढलेला रक्तदाब असणाऱ्या १२० व्यक्तींवर चीनमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १.६ ग्रॅम टॉरिन बारा आठवडे दिले गेले. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला. निरोगी प्रौढांना रोज ३ ग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित असल्याचे २००८ मधील एका आढाव्यात नमूद आहे. परंतु या चाचण्या काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या आहेत. वृद्धांनी ते वर्षानुवर्षे घेतल्यास काय होईल, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

काहींनी तर विशेष सावध राहावयास हवे. जास्तीचे टॉरिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. ती दुबळी असतील, तर ते शरीरात साचते. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर दाब वा साखर अधिक उतरण्याची शक्यता असते. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी टॉरिनचा वापर वाढीसाठी करतात, असे २०२५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

डॉक्टरांनी संमती दिलीच, तर अर्ध्या ते एक ग्रॅमपासून आरंभ करावा, ३ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये आणि तीन महिन्यांनी रक्तदाब व साखर तपासून उपयोग होतो की नाही, हे पाहावे. होत नसेल, तर थांबावे. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे काय, हेही पाहावे.

शाकाहारी वृद्धांत खरी उणीव बहुधा बी-१२ जीवनसत्त्वाची असते. साध्या रक्ततपासणीत ती कळते आणि अल्प खर्चात भरून निघते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण असे त्रास सुरू होतात व ते वयाच्या खात्यावर टाकले जातात. तेव्हा आईवडिलांसाठी टॉरिनचा डबा मागविण्याआधी त्यांची बी-१२, साखर आणि क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी.