बेचाळीस दिवसांनंतरचं दुखणं

सिझर झालेल्या बाईच्या घरी आशाताई पाच वेळा येते: सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. 2011 पासून देशभर चालत आलेलं हे वेळापत्रक आहे. बाळाचं वजन, अंगाचा ताप, नाळ, दूध ओढतं की नाही हे ती बघते. आईला अंगावरून किती जातंय, टाके पिकलेत का, हेही विचारते. बेचाळीस दिवस भरले की आईच्या नावापुढचा रकाना मिटतो. वैद्यकशास्त्राचं पंचांग वेगळं आहे. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं तीन महिने उलटूनही टिकलं तरच ते जुनाट म्हणायचं, असा त्याचा नियम. म्हणजे ज्या दुखण्याबद्दल हा लेख आहे, ते मोजायला सुरुवात होते तेव्हा विचारायला येणारं कुणी उरलेलं नसतं.

असं किती जणींचं होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली 25.4 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसली. देशाचा आकडा 21.5, खासगी दवाखान्यांपुरता पाहिला तर 47.4. इतकी सिझर हवीत का, हा वाद मोठा आहे आणि तो इथे नको. पोट उघडलं गेलेल्या बाईला त्या वादातून काही मिळत नाही. डेन्मार्कमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिझरनंतर साधारण दहा महिन्यांनीही 12 टक्के बायकांना जखमेच्या जागी दुखत होतं. नंतरच्या अभ्यासांचे आकडेही दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास फिरतात. बहुतेकींचं दुखणं सौम्य असतं, वर्षभरात विरतं. थोड्या जणींचं विरत नाही, आणि त्यांना उत्तर एकच मिळतं: सिझर आहे, दुखणारच.

हे उत्तर भंडाऱ्यात जरा जास्तच महाग पडतं. जिल्हा धानाचा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागली की बाया गुडघाभर चिखलात, कंबरेतून वाकून, दिवसभर पऱ्हे लावत मागे सरकतात. रोवणी गुत्त्याने घेतली असेल तर एकीचा हात मंदावला की सगळ्या टोळीची मजुरी अडते, त्यामुळे दुखतंय म्हणून मधेच बांधावर बसण्याची सोय नसते. घरी आल्यावर हातपंपावरून गुंड भरून आणायचा. पितळी भांड्यांसाठी नाव असलेल्या या जिल्ह्यात गुंडाचं कौतुक पुष्कळ, पण पाण्याने भरलेला गुंड पंधरा किलोंच्या घरात जातो. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असं डॉक्टर सांगतात. बाळ असतं तीन किलोचं.

दुखतं नेमकं कुठे, हे समजायचं तर पोटाचे थर माहीत हवेत. कातडी, चरबी, मग स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण, मग स्नायू (हे बहुधा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात), त्याखाली पोटाचा आतला पडदा आणि शेवटी गर्भाशय. आजकालचा आडवा छेद ओटीपोटाच्या तळाशी घेतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हर्मन फानेनश्टील यांनी तो 1900 मध्ये मांडला. दिसायला नीटस आणि भरून यायला मजबूत छेद, पण त्याच्या दोन्ही टोकांजवळून मांडीच्या सांध्याकडे जाणाऱ्या बारीक नसा धावतात. एखादी नस कापली जाते, टाक्यात सापडते किंवा नंतर वणाच्या गाठीत आवळली जाते. मग टोकाशी आग होते, मुंग्या येतात, चमक मांडीत उतरते. त्या जागी परकराची नाडी किंवा लेगिंगचं इलॅस्टिक नुसतं टेकलं तरी सहन होत नाही. आणि चार बोटं वर मात्र कातडी बधिर असते.

याची एक साधी परीक्षा आहे. जॉन कार्नेट या अमेरिकी शल्यविशारदाने ती 1926 मध्ये सांगितली. बाईला उताणी झोपवायचं, दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं आणि तिला मान-खांदे उचलायला सांगायचं. पोट ताठ होतं. बोटाखालचं दुखणं वाढलं किंवा तसंच राहिलं, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीत आहे. कमी झालं, तर आत शोधावं. पैसा लागत नाही, मिनिटही लागत नाही. तरी सोनोग्राफी आधी होते आणि बोट कुणी लावत नाही, हे मला कायम खटकत आलं आहे. भिंतीतली नस सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि बाई खोटी ठरते.

भिंतीतल्या दुखण्यावर उपाय आहे. दुखऱ्या बिंदूवर भुलीचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत कळ थांबली, तर निदानही झालं आणि उपचारही सुरू झाला. काहींना ते पुन्हा घ्यावं लागतं, काहींना नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या लागतात. हे काम भूलतज्ज्ञ करतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारावं, नाहीतर साठेक किलोमीटरवर नागपूरची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच.

दुखण्याची वेळही खूप सांगून जाते. पाळीच्या दिवसांतच वणाजवळ गाठ येते, ठणकते आणि पाळी सरली की बसते, असं होत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वणात रुजल्याची शंका घ्यावी; ती गाठ काढून टाकता येते. पाळी संपल्यावरही काही दिवस तपकिरी डाग जात राहत असतील तर गर्भाशयाच्या वणात खाच राहिलेली असू शकते. खोकताना फुगवटा येत असेल तर हर्निया. दुसऱ्या-तिसऱ्या सिझरनंतर आतले अवयव एकमेकांना चिकटून ओढ बसू शकते. ताप, पू, घाण वासाचा स्राव किंवा एकाच पायाला सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कंबरदुखीचा दोष मात्र आपल्याकडे सरसकट मणक्यातल्या भुलीच्या सुईवर जातो. सुई टोचली ती जागा काही दिवस हुळहुळते, एवढं खरं. पण महिनोन्महिने चालणारी कंबरदुखी सुई न घेतलेल्या बाळंतिणींनाही होते. नऊ महिने ताणून सैल पडलेले पोटाचे स्नायू आणि वाकून पाजणं ही तिची कारणं. उशीवर बाळ घेऊन पाठ टेकून बसलं किंवा कुशीवर पाजलं तर निम्मं काम होतं.

जुनाट दुखण्याची मुळं पुष्कळदा पहिल्या आठवड्यात असतात. त्या दिवसांत ज्यांना असह्य दुखतं, त्यांचं दुखणं पुढे रेंगाळण्याची शक्यता जास्त असते. म्हणून वेदनाशामक गोळी कळ आल्यावर घेण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्यावी. इथे घरची माणसं आडवी येतात: औषध दुधात उतरेल. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दुधात अगदी नगण्य उतरतात आणि पाजणाऱ्या आईला चालतात. कोडीन, ट्रामाडॉल यांनी मात्र बाळाला गुंगी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशारा दिला. दुकानातून गोळी आणताना नाव वाचावं ते यासाठी. आयब्युप्रोफेनही उपाशीपोटी नको, आणि बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको.

सासू-आजीच्या पथ्यांची सरसकट टिंगल करणं मला पटत नाही. विश्रांती, तेल लावणं, कुणीतरी ताट पुढ्यात आणून देणं, यात पुष्कळ शहाणपण आहे. पण भात खाल्ला तर टाके पिकतात, पाणी प्यायलं तर पोट सुटतं, ही दोन पथ्यं घातक. पाणी तोडलं की शौचाला खडा होतो, जोर करावा लागतो आणि तो जोर थेट वणावर येतो. धानाच्या जिल्ह्यात भात तोडला तर बाई खाणार काय? भात, डाळ, अंडी, तलावातले मासे, सगळं चालतं. जखम भरायला प्रथिनंच लागतात. आणि शेक. वणाभोवतीची कातडी महिनोन्महिने बधिर राहू शकते, तिथे गरम पिशवी किंवा शेगडीचा चटका कळत नाही. भाजल्याचं फोड आल्यावर लक्षात येतं.

उठण्याची रीतही शिकावी लागते. सैल पडलेल्या बाजेवरून सरळ उठायला गेलं की सगळा भार पोटावर येतो. गुडघे दुमडून आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने उठायचं. खोकला आला तर वणावर उशी दाबून धरायची. सहा आठवड्यांनी, जखम पूर्ण मिटली असेल तर, खोबऱ्याचं तेल लावून दोन बोटांनी वण वर-खाली, आडवा आणि गोल फिरवायचा, कातडी हलकेच उचलायची. रोज पाच मिनिटं. स्पर्श सोसत नसेल तर आधी कापूस, मग जुनं लुगडं, मग खरखरीत टॉवेल, असं करत नसांना सवय लावायची. पहिले काही दिवस बोट लावायचीच भीती वाटते. ती साहजिक आहे.

बायका बोलत नाहीत, ही तक्रार डॉक्टर मंडळी करतात. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं होतं. तो अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचे आजार निघाले, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तेव्हा न बोलण्याचा दोष सगळा बायकांच्या माथी मारता येत नाही. विचारलं तर त्या सांगतात. नवऱ्याजवळ जाताना दुखतं हेही सांगतात, खोलीत नवरा आणि सासू नसले तर.

न विचारल्याचा शेवट कधीकधी पिशवी काढण्यात होतो. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये राज्याला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तिथली कारणं अनेक होती, पण ओटीपोटात दुखतं एवढ्यावर पिशवी काढायची सवय सगळीकडेच आहे. दुखणं पोटाच्या भिंतीत असेल तर पिशवी गेल्यावरही ते तसंच राहतं, वर आणखी एक वण पडतो. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी कार्नेटची परीक्षा झाली का, आणि नसेल तर ती आता करता का, हे डॉक्टरांना बेलाशक विचारावं.

नवं खातं किंवा नवी योजना यासाठी लागणार नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लस असते. चौदावा आठवडा म्हणजे तीन महिने नुकतेच उलटलेले, आणि आई बाळाला घेऊन स्वतःच्या पायाने उपकेंद्रात आलेली. शिवाय 2018 पासूनच्या बालसंगोपन कार्यक्रमात आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतेच. बाळाची नोंद झाली की तिने आईला एवढंच विचारावं: टाक्यांच्या जागी अजून दुखतं का, कुठे ते बोटाने दाखव, आणि पाळीत वाढतं का? उत्तर बाळाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहावं आणि दुखत असेल तर तिला तुमसर, साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याला पाठवावं. हलक्या धानाची कापणी लागते, आणि रोवणीच्या दिवसांत बाळंत झालेल्या बाया त्याच आठवड्यांत लसीच्या रांगेत उभ्या असतात.