बीव्हरचे विस्मरणात गेलेले चुलते

पहाडगंजच्या मेन बझारमध्ये रात्री शटरं खाली आली की गटारांच्या कडेनं घुशी हिंडू लागतात. नवी दिल्ली स्टेशनासमोरच्या या वस्तीत कुरतडणारा प्राणी म्हणजे उंदीर, घूस, खार. फार तर रिज टेकडीच्या झाडीतलं साळिंदर. बीव्हर इथल्या नूतन मराठी शाळेतल्या पोरांना भेटणार तो पुस्तकात नाहीतर कार्टूनमध्ये. म्हणूनच त्याच्याविषयीच्या चुकीच्या समजुती इथे निर्धास्त टिकून आहेत.

पहिली समजूत अशी की बीव्हर म्हणजे पाणमांजरच. दोघं पाण्यात राहतात, दोघांची लव दाट, पण नातं एवढ्यावरच संपतं. पाणमांजर मासे खाणारं, मुंगसाच्या गोतातलं नव्हे तर विझलच्या कुळातलं मांसाहारी जनावर. बीव्हर कृंतक आहे, म्हणजे जन्मभर वाढणाऱ्या पटाशीच्या दातांचा, शुद्ध शाकाहारी. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. जंगली बीव्हर एकही नाही.

मग तो खारीचा भाऊ असेल? जबड्याच्या स्नायूंची ठेवण पाहून जुन्या प्राणिशास्त्रज्ञांनी त्याला खारींच्या शेजारी बसवलं होतं. डीएनएनं ही वाटणी मोडली. बीव्हरचे जवळचे जिवंत नातलग अमेरिकेतले पॉकेट गोफर आणि कांगारू रॅट, आणि हा सगळा गट उंदरांच्या बाजूचा निघाला. थोडक्यात, पहाडगंजच्या गच्चीवरल्या खारीपेक्षा गटारातली घूस बीव्हरला अधिक जवळची!

नात्याचा खरा गुंता मात्र नामशेष झालेल्यांचा आहे. डब्ल्यू. डी. मॅथ्यू यांनी १९०५ साली अमेरिकेत सापडलेल्या जीवाश्मांवरून युटिपोमिस या प्राण्याचं वर्णन केलं. पुढे १९१८ मध्ये मिलर आणि गिडली यांनी त्याला स्वतंत्र कुळ दिलं, युटिपोमायिडी. इओसीनपासून मायोसीनपर्यंत हे कुळ नांदलं आणि संपलं. त्याच्या दाढा बुटक्या, पण माथ्यावर इनॅमलच्या घड्यांची विलक्षण गुंतागुंत. जीवाश्मशास्त्रज्ञ असल्या प्राण्याला बहुधा दातांवरूनच ओळखतात. हाडं झिजून जातात, दाढ उरते.

हे कुळ बीव्हरचे पूर्वज होते, असं वाटू शकतं. ते पूर्वज नव्हते. दोन्ही कुळं एका मोठ्या गटातल्या वेगळ्या शाखा, त्यातली एक आटली. म्हणून युटिपोमिसच्या चित्राला चपटी शेपूट जोडून मागे लाकडी बांध रंगवणं ही निव्वळ हौस आहे.

खुद्द बीव्हरच्या कुळातही सगळे पाण्यात राहणारे नव्हते. याची गोष्ट नेब्रास्काची. तिथल्या माळावर अडीच-अडीच मीटर खोल, मळसूत्री जिन्यासारखे उभे दगडी पेच सापडत. लोक त्यांना ‘डेव्हिल्स कॉर्कस्क्रू’ म्हणत. अर्विन बार्बर यांनी १८९२ च्या सुमारास त्यांना डेमोनेलिक्स असं नाव दिलं. आधी ते गोड्या पाण्यातले स्पंज वाटले, मग वनस्पती. एका पेचात कृंतकाचा सांगाडा मिळाला, तरी बार्बर यांनी आपलं मत सोडलं नाही. १८९३ मध्ये कोप आणि फुक्स या शास्त्रज्ञांनी वेगवेगळं सुचवलं की ही बिळं असावीत. सांगाडे होते पॅलिओकॅस्टरचे, सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीच्या छोट्या, कोरड्या माळावर राहणाऱ्या बीव्हरचे. १९७७ मध्ये लॅरी मार्टिन आणि डेब बेनेट यांनी बिळांच्या भिंतींवरचे चरे त्या प्राण्याच्या पटाशीच्या दातांशी जुळवून दाखवले. माती त्यानं मुख्यतः दातांनी खणली होती. आठ दशकं चाललेल्या वादाचा निकाल असा एका दंतखुणेनं लागला!

आणि तो हिमयुगातला शंभर किलोंचा महाबीव्हर, कॅस्टोरॉइडिस? एवढा मोठा, म्हणजे एवढीच मोठी झाडं पाडत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याचे दात लाकूड छाटायच्या धारेचे नाहीत, आणि हाडांमधल्या समस्थानिकांच्या २०१९ मधल्या अभ्यासात त्याचा आहार पाणवनस्पतींचा निघाला. तळी, दलदली आटत गेल्या तसा त्याचा घास हरवला. उलट डायपॉइडिस या छोट्या नामशेष बीव्हरनं लाकूड कुरतडल्याच्या खुणा उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समेअर बेटावर मिळाल्या आहेत.

शेवटची समजूत दिल्लीच्या दाराशीच आहे. पहाडगंजच्या पश्चिमेला करोलबागेत हकीम अजमल खान यांचं तिब्बिया कॉलेज आहे, १९२१ मध्ये गांधीजींनी उद्घाटन केलेलं. युनानी वैद्यकातलं ‘जुंदबेदस्तर’ हे औषध बीव्हरचं. ते त्याच्या वृषणांपासून मिळतं, अशी समजूत ग्रीकांपासून चालत आली, आणि शिकाऱ्याला पाहून बीव्हर ते स्वतःच चावून टाकतो अशी कथाही. प्रत्यक्षात नर-मादी दोघांच्या शेपटीजवळ असलेल्या गंधपिशव्यांचा तो स्राव. नराचे वृषण तर पोटाच्या आत असतात, चावायचे म्हटले तरी त्याला ते सापडायचे नाहीत. या पिशव्यांपायी आणि लवेपायी माणसानं इतकी शिकार केली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या युरोप-आशियात सुमारे बाराशे बीव्हर उरले होते.